इंग्रजीतला एक लहानसा 'एस'

आपल्याकडच्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलाची वही उघडून पाहा. तांबड्या शाईची खूण बहुधा एका ठरावीक जागी सापडते. मुलाने लिहिलेले असते, 'ही गो टू स्कूल'. गुरुजी तिथे 'गो' खोडून 'गोज' करतात. पुढच्या पानावर 'माय सिस्टर सिंग' असते, तिथे पुन्हा 'सिंग्ज' होते. मग मूल शहाणे होते आणि खबरदारी म्हणून सगळीकडेच तो 'एस' लावू लागते. 'आय गोज', 'दे गोज' अशी वाक्ये येऊ लागतात आणि तांबडी शाई पुन्हा पसरते. ही चूक शाळेत संपते असेही नाही. कॉलेजात गेलेल्या मुलाच्या निबंधात आणि नोकरीच्या अर्जातही ती डोकावते. मुलाखतीला बसलेला तरुण बोलता बोलता 'माय फादर हॅव्ह अ शॉप' म्हणून जातो आणि समोरचा कोणी गालातल्या गालात हसतो.

त्या हसण्याची किंमत फार मोठी असते. एकदा हसू झालेले मूल दुसऱ्यांदा तोंड उघडायला भिते, आणि जो बोलतच नाही त्याला कोणतीही भाषा कधी यायची नाही. म्हणून ही चूक मुळात का होते, ह्याचा आज आपण जरा शांतपणे विचार करू. ती आळसामुळे होते, बुद्धी कमी असल्यामुळे होते, असे समजण्याचा प्रघात आहे. पण नीट पाहिले तर ध्यानात येते की, ह्यातल्या बहुतेक चुका आपल्या मातृभाषेचे व्याकरण पक्के असल्यामुळे होतात.

उदाहरणासाठी नागपुरातल्या जरीपटक्याच्या एखाद्या वर्गाची कल्पना करा. नाव मराठेशाहीच्या निशाणाचे, पण फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी ही वस्ती गजबजली. इथल्या पुष्कळ मुलांच्या घरी सिंधी, बाजारात हिंदी, शेजारी मराठी आणि शाळेच्या दप्तरात इंग्रजी. वर्गात एका बाकावर सिंधी घरातले मूल, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर हिंदी बोलणारे. तिघांच्या भाषा निराळ्या, पण इंग्रजीच्या वहीतली चूक मात्र तिघांची एकच! ह्याचे कारण काय असावे?

आधी मूळ गोष्ट पाहू. वाक्यात कोणाबद्दल तरी बोललेले असते आणि त्याने काय केले हे सांगितलेले असते. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याच्याप्रमाणे क्रियापदाने आपले रूप बदलावे, ह्यालाच मेळ म्हणायचे. आता हा मेळ मराठी माणसाला कोणी शिकवायला हवा का? मुळीच नाही. 'मुलगा जातो', 'मुलगी जाते', 'मुले जातात' हे आपले तीन-चार वर्षांचे पोर न चुकता बोलते. आपले क्रियापद कर्त्याचे लिंग पाहते, वचन पाहते आणि पुरुषही पाहते. 'जा' ह्या एका धातूची नुसत्या चालू काळातली रूपे मोजा: जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात. सहा झाली. इंग्रजीत त्याच ठिकाणी दोनच रूपे आहेत, 'गो' आणि 'गोज'. जो सहा रूपे लीलया सांभाळतो त्याला दोन सांभाळता येऊ नयेत, ही नवलाचीच गोष्ट आहे.

ह्या नवलाचा पहिला उलगडा त्या सहा रूपांतच दडलेला आहे. पुरुषाच्या तोंडची तीन वाक्ये घ्या. 'मी जातो', 'तो जातो', 'आम्ही जातो'. तिन्हीकडे 'जातो' एकच. म्हणजे मी आणि तो ह्यांत आपली मराठी इथे काही भेद करीत नाही. इंग्रजी नेमका तिथेच भेद करते. 'आय गो', 'वी गो', 'यू गो', 'दे गो' हे सगळे एका पंगतीला, आणि 'ही', 'शी', 'इट' ह्यांचे पान तेवढे वेगळे, 'गोज'. आपला कान तो आणि ती ह्यांतला भेद ऐकायला तयार झालेला असतो, कारण आपल्याकडे 'जातो' आणि 'जाते' असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत 'ही गोज' आणि 'शी गोज' ह्यांत काडीचा फरक नाही. आपण जिथे भेद शोधतो तिथे तो नाही, आणि जिथे शोधत नाही तिथे तो आहे.

मग इंग्रजीनेच असा एकटा 'एस' का राखून ठेवला? पूर्वी इंग्रजीतही प्रत्येक पुरुषाला निरनिराळे प्रत्यय होते. काळाच्या ओघात ते झिजत गेले. तृतीयपुरुषी एकवचनाला दक्षिणेकडे 'एथ' असा प्रत्यय होता. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात 'गोएथ' अशीच रूपे आहेत. उत्तरेकडच्या बोलींत त्याच जागी 'एस' होता, तो हळूहळू सगळीकडे पसरला आणि 'एथ' मागे पडला. बाकीचे प्रत्यय गळाले, हा एक उरला. मोठ्या वाड्याच्या भिंती पडून एकच कमान उभी राहावी, तशातला हा प्रकार. विद्यार्थ्याने ती कमान पाहून बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही. फक्त ती कुठे उभी आहे हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

त्यासाठी एक सोपी खूण सांगतो. इंग्रजीत नामाला 'एस' लागला की बहुधा ते अनेकवचन होते, आणि क्रियापदाला 'एस' लागला की ते एकवचन होते. 'बॉय प्लेज', 'बॉइज प्ले'. म्हणजे एकच 'एस' आहे, तो नामाकडे तरी असतो, नाही तर क्रियापदाकडे तरी. 'मेन', 'चिल्ड्रन' असे काही शब्द 'एस'वाचून अनेकवचनी होतात, तेव्हा ही खूण सगळीकडे चालत नाही. पण शंभरांतल्या पुष्कळ वाक्यांना ती पुरते.

हाच 'एस' प्रश्नात आणि नकारात जागा बदलतो. 'ही गोज' ह्याचा नकार करताना 'डू' हे साहाय्यक क्रियापद पुढे येते आणि 'एस' त्याच्या अंगावर जातो, 'ही डज नॉट गो'. आता 'गो'जवळ काही उरले नाही. आपली मुले 'ही डज नॉट गोज' लिहितात तेव्हा ती एकच ओझे दोघांच्या डोक्यावर देत असतात. 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शॅल' ह्यांना तर 'एस' कधीच लागत नाही. हे शब्द मुळात जुन्या भूतकाळी घडणीचे आहेत, आणि इंग्रजी भूतकाळात असा प्रत्यय नसतोच. 'आय वेंट', 'ही वेंट', 'दे वेंट', सारे सारखे. भूतकाळात मेळ पाहायचा तो फक्त 'वॉज' आणि 'वर' ह्या जोडीत.

इथवरचा भाग पाठांतराने साधतो. खरी अडचण पुढे आहे आणि तिच्याकडे आपल्या पाठ्यपुस्तकांचे लक्ष क्वचितच जाते. मराठीत क्रियापद नेहमी कर्त्याच्याच मागून जाते असे थोडेच आहे?

'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली', 'रामाने फळ खाल्ले'. खाणारा राम तिन्ही वाक्यांत तोच, पण क्रियापद तीन प्रकारचे. ते रामाकडे पाहतच नाही, खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. ह्यालाच आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. 'रामाने रावणास मारले' ह्यात तर क्रियापद कोणाकडेच पाहत नाही, तो भावे प्रयोग. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले आणि मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली. तेव्हापासून आजपर्यंत मराठी मुले कर्तरी, कर्मणी, भावे ही त्रयी घोकत आली आहेत. मौज ही की मराठीच्या तासाला घोकलेल्या ह्या ज्ञानाचा इंग्रजीच्या तासाला कोणी उपयोग करून घेत नाही.

तो करून पाहू. मराठी क्रियापदाचा नियम थोडक्यात असा सांगता येईल की, ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही, जे प्रथमेत आहे, त्याच्याशी ते जुळते. 'रामाने' ह्याला 'ने' लागला, तो बाजूला झाला. 'पोळी' मोकळी आहे, म्हणून 'खाल्ली'. दोघांनाही प्रत्यय लागले की क्रियापद आपले तटस्थ राहते. ('मी पोळी खाल्ली' ह्यातला 'मी' मोकळा दिसतो खरा, पण तिथे तो 'रामाने'सारखाच तृतीयेचा आहे, असे व्याकरणकार सांगतात.) इंग्रजी क्रियापद प्रत्यय पाहत नाही, कारण नामाला तसले प्रत्यय फारसे उरलेलेच नाहीत. ते जागा पाहते. साध्या विधानात क्रियापदाच्या आधी जो बसला तो मालक, आणि क्रियापदाने त्याचीच चाकरी करायची. मराठी क्रियापद प्रत्यय पाहते, इंग्रजी क्रियापद जागा पाहते. आजच्या बोलण्यातले हे एक वाक्य आपण ध्यानात ठेवलेत तरी पुष्कळ झाले.

आता विद्यार्थ्याच्या मनात काय चालते ते पाहा. त्याला लिहायचे आहे, 'रामाने पोळ्या खाल्ल्या आहेत'. मराठीत 'आहेत' हे पोळ्यांशी जुळलेले अनेकवचन आहे. ते 'आहेत' त्याच्या कानात घुमते आणि हातून उतरते, 'राम हॅव्ह ईटन चपातीज'. त्याने मेळ मोडला नाही, मराठी पद्धतीने अगदी चोख पाळला! इंग्रजीत मात्र पहिल्या जागेवर राम बसला आहे, एकटा आहे, म्हणून 'राम हॅज ईटन'. पोळी एक असो की दहा, 'हॅज'ला त्याचे सोयरसुतक नाही.

दुसरे तसेच वाक्य, 'त्याला दोन बहिणी आहेत'. इथे 'त्याला' ह्यास 'ला' लागला आहे, तेव्हा मराठी क्रियापद बहिणींकडे वळले. विद्यार्थी लिहितो, 'ही हॅव्ह टू सिस्टर्स'. पाहिजे 'ही हॅज'. 'तिला गोष्टी आवडतात' ह्यात आवडणाऱ्या गोष्टी आहेत, म्हणून 'आवडतात'. इंग्रजीत पुढे बसली आहे ती 'शी', म्हणून 'शी लाइक्स स्टोरीज'. भूक लागणे, ताप येणे, पैसे मिळणे, गाणे येणे अशी आपली कितीतरी वाक्ये 'मला', 'त्याला', 'तिला' अशी सुरू होतात. इंग्रजी करताना ती माणसे उठून पहिल्या जागेवर बसतात आणि कर्तेपण त्यांच्याकडे जाते. 'ला' दिसला की थांबावे, हा माणूस इंग्रजीत पुढे येणार आहे का ते विचारावे, आणि येत असेल तर क्रियापद त्याच्याशी जुळवावे.

आता जरीपटक्याच्या वर्गातले कोडे सुटते. सिंधीत पोळीला 'मानी' म्हणतात आणि तीही स्त्रीलिंगी. मुलाने मानी खाल्ली हे सांगताना सिंधी क्रियापद 'खाधी' असे होते, कारण मानी स्त्रीलिंगी आहे. खाणारा मुलगा की मुलगी ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हिंदीतले 'राम ने रोटी खाई' तर आपल्या सर्वांच्या कानावरचे आहे. तिन्ही भाषा एका कुळातल्या, तिघींची भूतकाळातली ही चाल एक, म्हणून तिघांच्या वहीतली चूकही एक. असे असताना मराठी मुलाने सिंधी मुलाला हसावे किंवा दोघांनी मिळून हिंदी बोलणाऱ्याला हसावे, ह्यात काही अर्थ नाही. उलट गुरुजींनी फळ्यावर तीन भाषांतली ही तीन वाक्ये शेजारी शेजारी मांडली आणि चौथे इंग्रजी वाक्य त्यांच्याखाली लिहिले, तर वर्गातल्या प्रत्येक मुलाला आपली भाषा फळ्यावर आल्याचा आनंद होईल आणि नियमही डोक्यात राहील. सिंधी भाषेला १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तिला शाळेच्या फळ्यावरही अधूनमधून एक ओळ मिळायला हरकत नाही.

आपल्या चालीरीतीही व्याकरणात येतात. वडील एकच असले तरी आपण 'बाबा आले' म्हणतो, 'गुरुजी शिकवतात' म्हणतो. आदरासाठी अनेकवचन वापरण्याची ही आपली रीत. आईला मात्र आपण जवळिकीने 'आई आली' म्हणतो. त्यामुळे मुलगा 'माय मदर हॅज कम' बरोबर लिहितो आणि पुढच्याच ओळीत 'माय फादर हॅव्ह कम' लिहितो! मास्तरांना वाटते, ह्याचे लक्ष नाही. लक्ष आहे हो, तो वडिलांचा मान राखतो आहे. त्याला इतकेच सांगावे की, इंग्रजीत मान राखायची जागा क्रियापदात नाही. राष्ट्रपती असोत, मुख्याध्यापक असोत, वडील असोत, एक माणूस म्हणजे 'इज' आणि 'हॅज'.

पण एक जागा अशी आहे की तिथे इंग्रजीनेही अगदी आपल्यासारखेच केले. पूर्वी त्यांच्याकडे 'तू' ह्या अर्थी 'दाऊ' हा शब्द होता आणि 'यू' हा अनेकवचनी होता. आदराने एकट्या माणसालाही 'यू' म्हणण्याची पद्धत पडली, ती वाढत गेली आणि रोजच्या भाषेतून 'दाऊ' नाहीसा झाला. म्हणून आज समोर एकच माणूस असला तरी 'यू आर' आणि 'यू वर' म्हणायचे, 'यू इज' किंवा 'यू वॉज' नाही. हा 'यू' म्हणजे आपला 'तुम्ही' समजा. एकट्या पाहुण्यालाही आपण 'तुम्ही आहात' म्हणतो की नाही? तसेच ते. अशा रीतीने सांगितले की पोराला ते पाठ करावे लागत नाही.

आता अशी जागा पाहू की जिथे मातृभाषा आपली अडचण करीत नाही, उलट हात धरून पलीकडे नेते. नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. 'संत्र्यांची एक पेटी आली आहे.' आली कोण? पेटी. संत्री शंभर असली तरी आपण 'आली आहेत' म्हणत नाही. मराठीत 'संत्र्यांची' हे विशेषण आधी येते आणि 'पेटी' क्रियापदाच्या शेजारी बसते, तेव्हा चूक व्हायला जागाच नाही. इंग्रजीत ही मांडणी उलटते. 'अ बॉक्स ऑफ ऑरेंजेस' असे झाल्यावर पेटी दूर राहते आणि संत्री क्रियापदाला चिकटून बसतात. कान फसतो आणि तोंडातून 'आर' निघते. इंग्रज मुलेसुद्धा इथे फसतात. बरोबर काय, तर 'अ बॉक्स ऑफ ऑरेंजेस हॅज कम'.

अशा वेळी मनातल्या मनात मराठी करावे आणि प्रत्यय कोणाला लागतो ते पाहावे. 'संत्र्यांची' ह्याला 'ची' लागला, तो गेला. 'पेटी' मोकळी राहिली, तीच मालकीण. 'वन ऑफ द बॉइज' म्हणजे 'मुलांपैकी एक'. 'पैकी' लागले म्हणून मुले गेली, 'एक' राहिला, तेव्हा 'वन ऑफ द बॉइज इज अ‍ॅबसेंट'. 'गोपाळ विथ हिज ब्रदर्स' म्हणजे 'भावांबरोबर गोपाळ'. 'बरोबर' लागले, भाऊ बाजूला झाले, म्हणून 'गोज'. मात्र 'गोपाळ अँड हिज ब्रदर' म्हटले की दोघेही मोकळे, दोघेही मालक, तेव्हा 'गो'. इंग्रजीतले एवढे कठीण समजले जाणारे प्रकरण मराठीच्या एका प्रत्ययाने सुटते. आपल्या भाषेचे व्याकरण इंग्रजी शिकताना उंबऱ्याबाहेर ठेवून यावे, असे मानणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

काही शब्दांची वचनेच दोन्ही भाषांत जुळत नाहीत. तिथे नियम चालत नाही, ओळख करून घ्यावी लागते. आपल्याकडे केस 'पांढरे झाले', त्यांच्याकडे 'हेअर इज'. आपले पैसे 'हरवले', त्यांचे 'मनी इज लॉस्ट'. आपण बातम्या 'ऐकतो', त्यांची 'न्यूज' शेवटी 'एस' असूनही एकवचनी, 'द न्यूज इज गुड'. 'मॅथेमॅटिक्स'चेही तसेच. उलट आपला चष्मा एक आणि कात्री एक, पण त्यांचे 'स्पेक्टॅकल्स आर' आणि 'सिझर्स आर', कारण दोन भिंगे, दोन पाती. आपला पोलीस 'आला' चालतो, त्यांच्याकडे मात्र 'द पोलीस हॅव्ह कम'. 'सगळे आले आहेत' हे आपले अनेकवचन, पण 'एव्हरीबडी हॅज कम' हे त्यांचे एकवचन, कारण 'एव्हरी' म्हणजे प्रत्येक, आणि 'प्रत्येक' आपल्याकडेही एकवचनीच आहे. 'दहा रुपये पुरे आहेत' हे आपण अनेकवचनात म्हणतो. इंग्रजीत ती एक रक्कम मानून 'टेन रुपीज इज इनफ' म्हणतात.

दोन ठिकाणे आणखी सांगून हा भाग पुरा करतो. 'देअर' ह्या शब्दाने वाक्य सुरू झाले तर आपला जागेचा नियम थोडा वाकतो. 'देअर इज अ बुक', 'देअर आर टू बुक्स'. इथे पहिल्या जागी बसलेला 'देअर' हा नुसता जागा धरून ठेवणारा आहे. खरा मालक क्रियापदाच्या पाठीमागून येतो, त्याला पाहावे. दुसरे ठिकाण संघ, समिती, मंडळ अशा समूहवाचक शब्दांचे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत अशा शब्दांपुढे अनेकवचन चालते, म्हणून क्रिकेटच्या धावत्या वर्णनात 'इंडिया आर' असे आपण ऐकतो. अमेरिकेत तिथे बहुधा एकवचन वापरतात. दोन्ही बरोबर, पण एका पत्रात एकच पद्धत ठेवावी.

कोणी विचारील, एवढ्याशा 'एस'साठी इतका खटाटोप कशाला? 'ही गो' म्हटल्याने अर्थ कळत नाही का? बहुतेक वेळा कळतो, हे खरे. तरी काही वेळा ह्या खुणेवाचून भागत नाही. 'शीप' म्हणजे मेंढी, आणि मेंढ्या म्हणजेही 'शीप'च. 'द शीप इज' की 'द शीप आर' ह्यावरूनच एक की अनेक हे कळते. शिवाय व्यवहाराची गोष्टही आहे. अर्ज वाचणारा माणूस अर्जदाराला ओळखत नसतो. त्याच्यापुढे फक्त कागद असतो. त्या कागदावरची असली एखादी चूक पाहून तो माणसाच्या हुशारीबद्दल मत बनवतो. हे न्यायाचे नाही, पण घडते. आपल्या मुलाने अशा लहानशा कारणाने मागे का राहावे?

आता उपाय. व्याकरणाचे पुस्तक जरूर वाचावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी अनेक पिढ्यांना इंग्रजी शिकवले, ते मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवूनच. ती जुनी वाट आजही मोडीत काढण्यासारखी नाही. पण मेळ ही डोळ्यांइतकीच कानाचीही गोष्ट आहे. हा 'एस' तीन तऱ्हांनी उच्चारला जातो. 'वॉक्स' ह्यात तो 'स' आहे, 'गोज' ह्यात तो 'माझा'तल्या 'झ'सारखा मऊ आहे, आणि 'वॉचेस' ह्यात त्याच्या आधी एक निसटता स्वर येतो. आपण बोलताना तो शेवटचा आवाज गिळतो, मग लिहितानाही तो राहून जातो. म्हणून वाक्ये मोठ्याने म्हणावीत. घरात कोण काय करते ह्याची पाच वाक्ये रोज बोलावीत: आई काय करते, दादा काय करतो, शेजारच्या काकू काय करतात. त्यात काकूंचे आदराचे अनेकवचन इंग्रजीत एकवचन झाले की नाही, हे मुद्दाम पाहावे. पंधरा दिवसांत जीभ वळते.

पालकांना एक विनंती आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवू लागले. ज्या घरात पूर्वी कोणी इंग्रजी शिकलेले नाही अशा घरांतली मुलेही सहाव्या वर्षी ही भाषा बोलू पाहतात. मुलाने 'ही गो' म्हटले तर हसू नका, रागवूही नका. आपण स्वतः तेच वाक्य 'हो, ही गोज' असे बरोबर म्हणा आणि बोलणे पुढे चालू द्या. आपल्याला इंग्रजी येत नसेल, तर त्याला विचारा, 'ह्यात मालक कोण रे?' हा प्रश्न मराठीत विचारता येतो, सिंधीत विचारता येतो, हिंदीतही विचारता येतो. मूल थांबेल, वाक्यात मालक शोधील आणि तो 'एस' आपल्या हाताने जागेवर ठेवील.